मऊ तोंडाचे मासे

दांडी

काठी हातात घेतली आणि मार्गिट त्वेटला शिसारी आली.

मूठ बुचाची होती. दुकानात नमुन्याला ठेवलेली काठी. जूनपासून बेटावर उतरणाऱ्या प्रत्येकाने ती उचलून, हवेत फिरवून परत ठेवलेली. कुणाच्या तळव्याचा घाम, कुणाच्या बोटांना लागलेलं वेफर्सचं तेल, कुणी नुकतंच नाक पुसलेला हात. बुचाचा रंग आजारी माणसाच्या टाचेसारखा झाला होता.

"डोमिंगो, ही पुसतोस का कधी?"

"कशाला पुसू? चकचकीत काठी बघून लोकांना वाटतं, कुणी हात लावला नाही म्हणजे हिच्यात खोट असणार."

डोमिंगो आबाद नौदलाच्या जहाजांवर उभा जन्म स्वयंपाक करून निवृत्त झाला आणि इथे बेटावर गळ-काठ्यांचं दुकान घालून बसला. दुकानाला खारवलेल्या हेरिंग माशांचा वास होता, पण त्याचं मार्गिटला काही वाटायचं नाही. तिला किळस यायची ती दुसऱ्याच गोष्टींची. 'बायकांसाठी' म्हणून वेगळ्या टांगलेल्या जांभळ्या काठ्यांची, ज्यांच्या मुठीवर फुलपाखरं छापलेली असत. पुडीतल्या रबरी कोळंबीची, जिला बडीशेपेचा वास मारलेला असे. जणू सालमन मासा जेवण उरकून मुखशुद्धी शोधत फिरतोय. आणि फेब्रुवारीपासून स्वतःच्या उजव्या खांद्याची.

खांदा उघडून शिवला होता. जखम भरली, पण हात डोक्याच्या वर गेला की आत कुणीतरी ओलं फडकं पिळतंय असं वाटायचं. तिची जुनी काठी काचतंतूंची, जड, रागीट. मोसमाच्या पहिल्याच सकाळी ती फिरवली आणि आमिष पाण्यात जायच्या ऐवजी शेजारच्या माणसाच्या टोपीत गेलं. लोक हसले. मार्गिटही हसली. घरी येऊन तिने काठी कोपऱ्यात उभी केली आणि तिच्याकडे पाठ करून जेवली.

आणि वर्ष होतं कुबड्यांचं. गुलाबी सालमनला बेटावर कुबडे म्हणतात. नदीच्या तोंडाशी येता येता नराच्या पाठीला उंटासारखा उंचवटा येतो. ते एकाआड एक वर्षी येतात. यंदाचे चुकले की पुढच्या खेपेची वाट बघा, आणि त्रेसष्टाव्या वर्षी, शिवलेल्या खांद्याने, पुढची खेप हा शब्द उच्चारायलाही मार्गिटला आवडत नव्हतं.

म्हणून नवी काठी. हलकी, लांब, मऊ.

"आणि माझ्यासाठी पण एक," मागून एल्डन म्हणाला. त्याने तोंडातली सूर्यफुलाची टरफलं हातातल्या कागदी पेल्यात थुंकली.


रीळ

एल्डन प्रिस्क आयडाहोतून आला होता. शेतांना पाणी द्यायचे पाइप विकून त्याने पैसा केला, बायको वारली, आणि इथल्या कड्यावरचं मोठ्या काचांचं घर घेतलं. उंच, नीटनेटका, साबणाचा वास येणारा माणूस. बेटावरच्या निम्म्या बायकांनी त्याला पाय नेऊन दिले, म्हणजे ब्लॅकबेरी भरून भाजलेले पाय. मार्गिटने काहीच नेलं नाही, म्हणून की काय, तो तिच्याच मागे लागला.

लग्न कर म्हणाला. तिने अंगठीला नाही म्हटलं, माणसाला नाही म्हटलं नाही. "अंगठीत खवले अडकतात," ती म्हणाली. "मग काठी घेऊन देतो," तो म्हणाला. बेटावर बातमी झाली: एल्डनने मार्गिटला अंगठीऐवजी काठी घातली.

उत्तर तिने ऑगस्ट संपायच्या आत द्यायचं होतं. कारण होतं तिचं घर. जुनं, पत्र्याचं, एकेकाळी चाकांवर आलेलं आणि मग कायमचं टेकलेलं. त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि ते महिनाअखेरपर्यंतच थांबणार होतं. मुलगी सिग्ने स्पोकॅनहून रोज फोन करायची. "आई, पत्र्याच्या डब्यात एकटी पडून राहणार आहेस का? पाय घसरला तर कुणाला कळणार? माणूस चांगला आहे. हो म्हण."

माणूस चांगला होता. टरफलांचा पेला तेवढा तो जाईल तिथे विसरायचा. मार्गिटच्या ओट्यावर, तिच्या गाडीत, एकदा तर तिच्या उशाशी. ओली, चघळलेली, काळी टरफलं आणि तळाशी थुंकीचं डबकं. पहिल्यांदा तिला उमासा आला. मग तिने स्वतःला समजावलं: एकटं राहून राहून दुसऱ्याचा ओलावा सोसायची सवय मोडलीय आपली. लागेल पुन्हा.

"रीळ कुठलं देऊ?" डोमिंगोने विचारलं.

"मध्यम. ब्रेक गुळगुळीत हवा. मासा पळाला की दोरी सुटली पाहिजे, पण धक्का न देता."

"हे घे. आतमध्ये वाळू जात नाही. म्हणजे जाते, पण बाकीच्यांपेक्षा उशिरा जाते."

मार्गिटने रिळाची कमान उघडली, मिटली. दांडा फिरवला. कानाशी धरून फिरवला. जिवंत वस्तूची तब्येत बघावी तसं.

"लग्न रिळाशी करतेयस की माझ्याशी?" एल्डन म्हणाला.

"रीळ घोरत नाही."

डोमिंगो खो खो हसला. एल्डन हसला, पण जरा उशिरा.

मग त्याने आपली काठी निवडली. भिंतीवरून काढली, फरशीवर बूड टेकवून शेंडा हाताने वाकवून पाहिला. शेंडा वाकेना. मार्गिटची काठी हातात नुसती धरली तरी थरथरायची. ही काठी ढिम्म. आखूड, जाड, एखाद्या फावड्याच्या दांड्यासारखी.

डोमिंगोचं हसू मिटलं. "ही कशासाठी पाहिजे तुला?"

"सालमनसाठी."

"ही ओंडके ओढायला आहे. कुबड्याचं तोंड ओल्या कागदासारखं असतं. या काठीने झटका दिलास तर गळ तोंड फाडून परत येईल, मासा जाईल आपल्या वाटेने."

"मला हातात काहीतरी धरल्यासारखं वाटायला हवं," एल्डन म्हणाला. "ही हिची काठी म्हणजे शेवईची काडी."

"आणि दोरी?"

"विणलेली. जाड."

"तंगूस घे, नायलॉनचा. तंगूस ताणतो, माशाला सांभाळून घेतो. विणलेली ताणत नाही. ताठ काठी आणि ताठ दोरी, मग मासा हाताशी येणार कसा?"

"येतो की नाही बघ."

डोमिंगोने मार्गिटकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता, आणि मार्गिटला तो प्रश्न आवडला नाही.

"नदीवरचा माणूस आहे तो," ती म्हणाली. "तिकडे माणसाच्या उंचीचे मासे ओढायची सवय. शिकेल."


गळ

गळ एल्डनने डोमिंगोकडून घेतला नाही. त्याच्याकडे स्वतःची पत्र्याची डबी होती.


पाणी

टिलर पॉइंटला वाळू नाही, गोटे आहेत. त्यावर ओहोटीने सोडलेलं शेवाळ सडत पडलेलं, त्यात खेकड्यांची रिकामी कवचं, आणि यंदा जागोजागी माशांची आतडी. पूर्वी लोक आतडी पाण्यात टाकायचे, समुद्रपक्षी ती उचलायचे. आता शहरातून फेरीबोटीने येणारे लोक जिथे मासा चिरतात तिथेच सोडून जातात. पायाखाली काहीतरी मऊ, फुटणारं येतं. कड्याखाली प्लास्टिकची संडासची खोली उभी केलीय, तिचा निळा वास वारा फिरला की थेट ओळीत येतो.

ओळ म्हणजे किनाऱ्यावर खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली माणसं. छातीपर्यंत रबरी विजारी, गुडघाभर पाण्यात. शेजाऱ्याचं आमिष पाण्यात पडल्यावर आपण फेकायचं. सरळ फेकायचं. कुणी "लागला!" ओरडलं की दोन्ही बाजूच्यांनी आपल्या दोऱ्या गुंडाळून वाट द्यायची. मासा काठावर आला की त्याचं तोंड ओळीकडे करून गळ काढायचा. हे कुठे लिहिलेलं नाही. सगळ्यांना दिसलं पाहिजे की गळ तोंडातच आहे. तोंडाखेरीज कुठेही, पोटात, शेपटीत, पाठीत गळ रुतला असेल तर मासा सोडायचा. तो सरकारी नियम झाला नंतर. बेटावर त्याच्या कितीतरी आधीपासून तसंच होतं. मासा भुकेने किंवा रागाने आमिष तोंडात धरतो, म्हणून आपण त्याला धरायचं. पाण्यातून जाणाऱ्याला आकडा मारून ओढायचं नाही.

मार्गिटने नवी काठी फिरवली. खांद्यात फडकं पिळलं गेलं, पण आमिष गेलं. लांब नाही, पुरेसं. शिशाचं चपटं आमिष बुडू द्यायचं, काठी उचलायची, मग सोडायची. पडताना ते जखमी हेरिंगसारखं फडफडतं आणि मासा पडतानाच धरतो. उचल, सोड. उचल, सोड.

काही नाही.

दुसऱ्या दिवशीही काही नाही. आठवडा गेला. डावीकडे एल्डन काठी उचलत नव्हता, उपसत होता. हिसका. हिसका. हिसका. दोरी पाण्यात सपकन कापत जायची.

"अरे, उचल आणि सोड," ती म्हणाली. "एवढं ओढू नकोस. पडताना धरतो तो."

"माझी पद्धत आहे. लागला!"

लागला की. दर भरतीला लागायचे. त्याच्या ताठ काठीवर, न ताणणाऱ्या दोरीवर, लागलेला एकही मासा सुटत नव्हता.

"मार्गिट," उजवीकडून लव्हिना कुजबुजली. लव्हिना फेरीवर तिकिटं फाडायची आणि सगळ्या बेटाची खबर ठेवायची. "याचे सुटत कसे नाहीत गं? माझ्या मऊ काठीवरून तीनातला एक जातो."

"हात आहे त्याचा," मार्गिट म्हणाली, आणि तिला अभिमान वाटला. होणाऱ्या नवऱ्याचा अभिमान. तो गळ काढताना ओळीकडे पाठ करायचा, हे तिला दिसत होतं. त्याचं कारण तिने मनात तयार ठेवलं होतं: आयडाहोचा आहे, रिवाज माहीत नाही, सांगू कधीतरी.

लोक तिला विचारायचे, "काय मार्गिट, कसे आहेत कुबडे?" ती म्हणायची, "येताहेत." खोटं नव्हतं. येत होते. तिच्याकडे येत नव्हते एवढंच. पण मार्गिट त्वेटच्या हाताला मासे लागत नाहीत असा विचारही त्या किनाऱ्यावर कुणाच्या मनात येत नव्हता, आणि तिने तो आणून दिला नाही.


ऑगस्टचा शेवटचा रविवार. पाणी उतरायला लागलं होतं. ओळ भरलेली. मार्गिटला निळ्या वासाच्या खोलीत जावं लागलं.

रबरी विजार घालून लघवीला जाणं हा एक उद्योग आहे. पट्टे सोडा, विजार घोट्यांपर्यंत उतरवा, कशालाही न शिवता अधांतरी बसा. भिंतीवर कुणीतरी माशाच्या रक्ताचा हात पुसला होता. जमिनीवर काय होतं ते तिने पाहायचं नाही असं ठरवलं आणि मग पाहिलंच. बाहेर येईपर्यंत तिने श्वास धरून ठेवला होता. बाहेर आल्यावर घेतला तर त्यात सडक्या शेवाळाचा वास, आणि तो तिला अत्तरासारखा वाटला.

ती ओळीत परतली तर लव्हिना ओरडली, "अगं ए चोरटे! दोन! आणि आम्हाला पत्ता नाही!"

प्रत्येकाचे मासे प्रत्येकाच्या दोरीवर. दोरीचं एक टोक गोट्यांत ठोकलेल्या खुंटीला, दुसरं कल्ल्यांतून ओवून पाण्यात. मार्गिटच्या दोरीला मोसमभर ओलं व्हायचं काम पडलं नव्हतं. आता तिच्यावर दोन मासे डुलत होते.

लव्हिनापलीकडचा म्हातारा टोपी उचलून म्हणाला, "वाटलंच होतं मला. खांदा गेला तरी मार्गिट ती मार्गिट."

तिने एल्डनकडे पाहिलं. त्याने डोळा मारला. "घे. तुझेच समज."

आणि एक क्षण, खरोखर एकच, तिला बरं वाटलं. टोपी उचलली गेली होती. लव्हिना जळत होती. छाती जरा पुढे आली.

मग ती दोरीशी उकिडवी बसली. जुनी सवय. आधी मासा बघायचा, मग कौतुक ऐकायचं.

मादी होती. रुपेरी, भरलेली, डोळा अजून स्वच्छ. मार्गिटने अंगठा तिच्या तोंडात घातला आणि जबड्याच्या कडेने फिरवला. कुठे ओरखडा नाही. तोंड अखंड. तिने मासा उलटा केला.

पोट फाटलं होतं. बोट जाईल एवढं भोक, कडा चिंध्या झालेल्या, आणि त्यातून नारिंगी अंडी एकेक करून पाण्यात सुटत होती. काही तिच्या बोटांना चिकटली. फुटून त्यांचा चिकट रस नखांत गेला.

दुसरा नर. त्याच्या कुशीत तसाच खड्डा, आणि खड्ड्यापासून शेपटीकडे सोललेली लांब पट्टी. हिसका. हिसका.

तिने बोटं पाण्यात खळबळली. अंडी सुटली नाहीत.

मग तिने एल्डनच्या दोरीकडे पाहिलं. तिथले मासे धड होते, निदान वरून. गळ पाठीत किंवा शेपटीशी लागला तर भोक लहान पडतं, बोटाने बुजवलं की दिसत नाही. फाटलेले तेवढे इकडे. फाटलेले आत्ताच इकडे का, ते तिला मान वर केल्यावर कळलं. ओळीच्या पलीकडच्या टोकापासून मत्स्य खात्याची अधिकारी एकेकाच्या दोरीशी वाकत वाकत येत होती. हिरवा शर्ट, पाठीवर घट्ट वेणी. अजून आठ-दहा माणसं, मग लव्हिना, मग ती.

"एल्डन. हे तू कधी बांधलेस?"

"गंमत म्हणून गं. शांत रहा."

"तिला पाहून बांधलेस?"

"ती काही माशांची पोटं उघडून बघत बसत नाही. हो म्हण, मोजेल, जाईल."

"आणि बघितलं तर?"

तो टरफलं थुंकला. पेला नव्हता हातात. सरळ पाण्यात, दोरीवरच्या माशांच्या अंगावर. "तुला कोण काय म्हणणार आहे? तू मार्गिट आहेस."


हो म्हणाली तर.

हो म्हणाली तर अधिकारी मासा उलटा करील. करीलच, तरुण आहे, नवी आहे, मन लावून काम करते. भोक बघेल. मार्गिटची मऊ काठी बघेल, नियमाप्रमाणे उलटा काटा नसलेला छोटा गळ बघेल, तिला कोडं पडेल. पण हो म्हणणाऱ्या बाईचं कोडं ती सोडवत बसणार नाही. दंड लिहील. आणि संध्याकाळच्या फेरीवर लव्हिना तिकिटं फाडता फाडता प्रत्येक गाडीच्या खिडकीत वाकून सांगेल: मार्गिट त्वेट पोटात आकडे मारते. मग कड्यावरचं काचांचं घर, आणि सकाळी ओट्यावर पेला.

नाही म्हणाली तर अख्खी ओळ ऐकेल की...


"या दोरीवरचे कुणाचे?" अधिकारी म्हणाली.

"तिचे," एल्डन म्हणाला. "आज बाई फॉर्मात आहे."

ओळ बघत होती. काहींनी दोऱ्या गुंडाळून घेतल्या होत्या, नीट बघता यावं म्हणून.

"बाई, तुमचे का हे?"

मार्गिट उभी राहिली. गुडघे कुरकुरले. बोटांना अंडी चिकटलेली होती, आणि ती हात अंगापासून दूर धरून उभी होती.

"माझे नाहीत," ती म्हणाली. "मला या मोसमात एकही मासा लागलेला नाही."

मागे कुणीतरी "काय?" म्हणालं. म्हाताऱ्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली, उचलली होती ती जणू परत घेतली.

"एकही?" लव्हिनाच्या तोंडून गेलं.

"एकही नाही. सांगू का ओरडून अजून?"

"मार्गिट, पुरे झाला विनोद," एल्डन म्हणाला.

अधिकारी वाकली. मासा उलटा केला. फाटलेल्या कडा बोटाने उलगडून पाहिल्या. मग म्हणाली, "साहेब, तुमची काठी दाखवा. आमिष पाण्यातून बाहेर काढा."

त्याने रीळ फिरवलं. दोरीच्या टोकाला आमिष नव्हतंच. शिशाचा गोळा होता आणि त्याखाली तीन टोकांचा गळ, अंगठ्याएवढा, प्रत्येक टोकाला उलटा काटा. त्यावर एक खवला अडकलेला.

ओळीतून एक आवाज आला. शब्द नव्हता. पायाखाली काही फुटलं की माणसाच्या घशातून जो येतो तो.

अधिकारी बाईने काठी काढून घेतली, रीळ काढून घेतलं, त्याचे सगळे मासे एका पिशवीत भरले. लिहायला लागली. एल्डन मार्गिटकडे वळला. आवाज खाली आणला, आणि त्यामुळे सगळ्यांना आणखी नीट ऐकू आला.

"तुझ्यासाठी केलं मी. रोज रिकाम्या हाताने घरी जायचीस. बघवत नव्हतं."

हे खरं असावं. ते ऐकून तिच्या आत काहीतरी क्षणभर हललं, आणि म्हणूनच तिने विचारलं, "मग मला फाटलेले का दिलेस? धड होते की तुझ्याकडे."

त्याने खांदे उडवले. दोन्ही, सहज, वरपर्यंत. "मासे ते मासे. आणि तसेही ते मरायलाच आलेत ना? नदीत जाणार, अंडी घालणार, सडणार. आठवडाभर आधी मेले, काय बिघडलं?"

"ते कशाला येतात ते मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. जा तू."

"म्हणजे?"

"म्हणजे जा. ऑगस्ट संपला."

तो थोडा वेळ उभा राहिला. कुणीतरी मध्ये पडेल, हसून सोडवील, अशी वाट बघत असावा. ओळीने पाण्याकडे तोंड केलं. मग तो गोटे तुडवत कड्याकडे गेला. आतड्यांवरून घसरला, सावरला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"अगं," लव्हिना म्हणाली, "तुझे बूट, कोट, सगळं त्याच्या गाडीत ना?"

"हो."

"आणि काठी? ती त्याने घेतलेली. परत करणार?"

"काठीने काय केलंय?" मार्गिट म्हणाली. तिने आमिष फेकलं. खांद्यात फडकं पिळलं गेलं. उचल, सोड. उचल, सोड. पाणी पार उतरेपर्यंत ती फेकत राहिली आणि तिला काही लागलं नाही. शेजारी लव्हिनाला दोन लागले, आणि दोन्ही वेळा लव्हिनाने माशाचं तोंड मार्गिटकडे करून गळ काढला. जरा जास्तच वेळ धरून.


लव्हिनाने तिला घरी सोडलं. लव्हिनाच्या गाडीत दोन कुत्री, जुन्या हेरिंगची बादली आणि कुणीतरी अर्धवट खाऊन टाकलेलं सँडविच होतं. मार्गिट रबरी विजारीतच बसली, सगळ्या रस्ताभर खिडकीतून डोकं बाहेर काढून. कुत्र्यांनीही तेच केलं.

पत्र्याच्या घरात शिरून तिने विजार सोलली. आत घामाने पाय पांढरे, सुरकुतलेले, बुडून मेलेल्या माणसाचे असतात तसे. ओट्यावर शुक्रवारचा पेला होता. तिने तो चिमटीत धरला, दाराबाहेर नेला, कचऱ्याच्या डब्यात टाकला, झाकण लावलं, आणि मग परत जाऊन झाकण घट्ट दाबलं. हात धुतले. नखांतलं नारिंगी निघेना. ब्रशने घासले. फोन वाजत होता.

"आई!" सिग्ने होती. "काय केलंस तू? लव्हिनाच्या पोरीने कळवलं मला. तू एल्डनला सगळ्यांसमोर पकडून दिलंस?"

"मी पकडून दिला नाही. माझे नाहीत म्हटलं."

"आई, माशांवरून? कुणी माशांवरून लग्न मोडतं का? दंड होईल, भरेल तो. माणूस तुझी काळजी घेत होता. डोक्यावर नीट छप्पर आलं असतं. बेटावर तुला असा दुसरा कोण मिळणार आहे? एक मासा इकडेतिकडे झाला म्हणून..."

"सिग्ने, पोटात लागला होता."

सिग्ने स्पोकॅनला जाऊन बारा वर्षं झाली होती. तिकडे समुद्र नाही. ती ऑफिसात बसते, मासा खोक्यातला खाते. पण टिलर पॉइंटच्या ओळीत ती चालायला शिकायच्या आधी उभी राहिली होती, आईच्या विजारीत, आईच्या पोटाशी.

"पोटात?"

"मादी होती. अंडी बाहेर येत होती. जिवंत असणार तेव्हा."

"आणि त्याने सोडली नाही?"

"माझ्या दोरीवर बांधली."

मार्गिटला मुलीचा श्वास ऐकू येत होता. नळ ठिबकत होता. तिने तो बंद केला.

"शी!" सिग्ने म्हणाली.

"हो."

"शी, आई."

पलीकडे कागद चाळल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"त्या घर घेणाऱ्या माणसाचा नंबर माझ्याकडे आहे," सिग्ने म्हणाली. "थांब, मीच करते त्याला फोन. नाही म्हणून सांगते."